ठणका थांबला, दाढ बरी झाली का?

वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यकांची उत्तरं

या अंकात दाताच्या आत झालेल्या जंतुसंसर्गाबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपती केली आहेत आणि नावं गाळली आहेत. उत्तरांमध्ये औषधांची जी मात्रा दिली आहे ती धडधाकट प्रौढ माणसासाठी आहे. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाचा विकार असेल, पोटात अल्सर असेल, दमा असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : खालची उजवीकडची दाढ किडली आहे. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. गार पाणी तोंडात धरलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी दुखणं आपोआप गेलं. आता गार-गरम काहीच लागत नाही. द्राक्षाची काढणी तोंडावर आली आहे. मार्च संपल्यावर दाखवलं तर चालेल ना?
— बागायतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : नाही चालणार. तुम्ही लक्षणं ज्या क्रमाने लिहिली आहेत, त्यावरून दाढेची नस मेलेली दिसते. दुखणं गेलं ते दुखणं जाणवणारा भागच मेला म्हणून.

दाताच्या आत मधोमध एक पोकळी असते आणि तिथून बारीक नळ्या मुळांच्या टोकापर्यंत जातात. त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ गर असतो. त्यालाच आपण नस म्हणतो. कीड वरचं कठीण कवच आणि त्याखालचा डेंटिनचा थर ओलांडून आत पोचू लागली की गराला सूज येते. शरीरात दुसरीकडे सूज आली तर त्वचा ताणली जाते, जागा होते. दाताच्या भिंती मात्र तसूभर हलत नाहीत. आतला दाब वाढत जातो, नाजूक रक्तवाहिन्या दबतात आणि गराचा रक्तपुरवठा तुटतो.

सुरुवातीला गार किंवा गोड लागलं की सणक जाते आणि काही सेकंदांत थांबते. या टप्प्यावर कीड काढून सिमेंट भरलं तर बहुतेकदा नस वाचते. पुढच्या टप्प्यात सणक अर्धा मिनिट, मिनिटभर, कधी त्याहून जास्त रेंगाळते. काही न खाता-पिता ठणका सुरू होतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो, म्हणून रात्री तो जास्त छळतो. चहाने आग होते आणि गार पाण्याने बरं वाटतं, म्हणजे तुमचं झालं तसं. ही नस मरायच्या अगदी आधीची अवस्था. त्यानंतर येते ती शांतता, आणि ती कधी चार दिवस टिकते, कधी वर्ष-दोन वर्षं. तेवढ्या वेळात मेलेल्या गरात जंतू वाढतात, मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू होतो. तेव्हा जे दुखतं त्याची तऱ्हा वेगळी असते. गार-गरम लागत नाही, पण घास चावताना दाढ नको होते. ती इतरांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटते आणि नेमकी कुठली ते बोट ठेवून दाखवता येतं. आधीच्या टप्प्यात हे जमत नाही. वरची दुखते की खालची हेही कित्येकांना सांगता येत नाही, आणि चुकीचा दात उपटला जातो तो बहुधा याच गोंधळात.

तपासणीत डॉक्टर आरशाच्या दांड्याने दातांवर हलकेच टिचक्या मारतील, थंड फवारा मारलेला कापसाचा बोळा एकेका दाताला लावतील, हिरडीची खोली मोजतील आणि एक्स-रे काढतील. शेजारच्या चांगल्या दाताला गार लागतं आणि या दाढेला अजिबात लागत नाही, असं आढळलं तर निदान जवळजवळ झालंच. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसायला हाडातला खनिजाचा साधारण तिसरा ते निम्मा हिस्सा जावा लागतो, त्यामुळे ताज्या संसर्गात फोटो कोरा येऊ शकतो.

काढणीची अडचण खरी आहे, म्हणून एक मधला मार्ग. काढणीआधी एकदा जा. दाढ उघडून आतला मेलेला गर काढायचा, नळ्या धुवायच्या, औषध भरून वरून पक्कं तात्पुरतं सिमेंट लावायचं, एवढं पहिल्या खेपेत होतं. पुढची खेप दोन-तीन आठवड्यांत ठेवा. तात्पुरतं सिमेंट मार्चअखेरपर्यंत टिकेल या भरवशावर राहू नका. ते झिजतं, कडेने लाळ आत जाते आणि केलेलं काम वाया जातं.

प्रश्न : दाढ सुजली की मेडिकलमधून पाच दिवसांचा कोर्स आणतो. सूज उतरते. महिना-दीड महिन्याने परत तेच. आता ती गोळी लागू पडत नाही असं वाटतं. जास्त पॉवरची कुठली घ्यावी?
— वाचक, निफाड

उत्तर : गोळी बदलून उपयोग नाही, कारण अडचण गोळीच्या ताकदीची नाहीच. पोटात गेलेलं औषध रक्तातून पोचतं, आणि तुमच्या दाढेच्या आत आता रक्तच जात नाही. ठिबकची नळी चोंदलेल्या झाडासाठी टाकीत कितीही खत टाकलं तरी त्या झाडाला मिळत नाही, तसंच आहे हे. अँटिबायोटिक मुळाबाहेर हाडात आणि गालात पसरलेले जंतू मारतं, म्हणून सूज उतरते. दाताच्या नळीतले जंतू तसेच राहतात, नव्याने बाहेर पडतात आणि सूज परत येते. दर खेपेला गोळीला दाद न देणारे जंतूच मागे उरतात, हा नुकसानीचा भाग वेगळाच.

अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत. ज्या प्रौढाला एरवी मोठा आजार नाही आणि दातावर लगेच उपचार होऊ शकतात, त्याला नुसत्या ठणक्यासाठी किंवा दातापुरत्या मर्यादित पुवासाठी अँटिबायोटिक देऊ नये. दात उघडणं, पू वाहून जाऊ देणं किंवा दात काढणं हाच उपचार. ताप आला, अंग मोडून आलं, सूज गालात-गळ्यात पसरू लागली, गाठी सुजल्या, तर मात्र अँटिबायोटिक हवंच. सर्वसाधारणपणे अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीन ते सात दिवस, आणि तिसऱ्या दिवशी फेरतपासणी. त्या जोडीला दातावरचं काम व्हायलाच हवं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल, म्हणजे पूर्वी या गोळीने अंगावर गांध्या उठल्या असतील किंवा श्वास अडकला असेल, तर ते आधीच सांगा. त्यांच्यासाठी दुसरं औषध निवडतात.

मेट्रोनिडाझोल ही गोळी अनेकदा सोबत दिली जाते. ती चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू नको, वाइनसुद्धा नाही. नाशिकमध्ये वाइनला दारू न मानणारे पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं. मळमळ, उलट्या, छातीत धडधड आणि चेहरा लाल होणं असा त्रास होऊ शकतो. तोंडाला येणारी धातूसारखी चव मात्र गोळीचीच असते, तिला घाबरू नका.

प्रश्न : दाढ हटकून रात्री अकरानंतरच उठते. सकाळी दवाखाना उघडेपर्यंत घरी काय करावं? सासूबाई मिश्री दाबून धरायला सांगतात.
— गृहिणी, नाशिक रोड

उत्तर : आधी कोमट पाण्याने चुळा भरून खड्ड्यात अडकलेलं अन्न काढा. एका पेल्याला अर्धा चमचा मीठ पुरतं. दोन दातांच्या फटीत काही अडकलं असेल तर फ्लॉसचा धागा फिरवा. टाचणी, सेफ्टी पिन घालू नका.

दुखणं थांबवायला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम या दोन गोळ्या एकत्र, काहीतरी खाऊन घ्यायच्या. दाताच्या ठणक्यावर ही जोडी एकट्या गोळीपेक्षा चांगली चालते. पुन्हा घ्यायची वेळ आली तर सहा ते आठ तासांनी. आयबुप्रोफेन दिवसात तीनपेक्षा जास्त नको, पॅरासिटामॉल सगळं मिळून तीन ग्रॅमच्या आत ठेवा. गडबड होते ती इथे: दुकानातल्या बऱ्याच गोळ्यांत ही दोन्ही औषधं आधीच एकत्र असतात. वर सर्दीची गोळी घेतली तर तिच्यातही पॅरासिटामॉल असतं. पाकिटावरचा घटक वाचल्याशिवाय दुसरी गोळी तोंडात टाकू नका. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही नको, फक्त पॅरासिटामॉल. गरोदर बायकांनी आयबुप्रोफेन घेऊ नये.

लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, ते मज्जातंतू काही वेळ बधिर करतं. कापसाच्या छोट्या बोळ्यावर एक थेंब घ्या, जादाचं टिपून काढा आणि बोळा दाढेच्या खड्ड्यात ठेवा. बाटली हिरडीवर ओतली तर हिरडी पोळते, पांढरी पडून सोलते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीपाशी धरून ठेवण्याचा उपायही असाच भाजणारा.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. क्षणभर झिणझिण्या येऊन बरं वाटतं, दाढेच्या आत काहीच होत नाही आणि गालाच्या आतल्या कातडीला तंबाखूची सवय लागते ती निराळीच. सासूबाईंनाही ती सोडवायचा प्रयत्न करा.

झोपताना दोन उशा घ्या. गालाला बाहेरून बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून दहा मिनिटं लावली तर चालेल. तव्यावर फडकं तापवून शेक मात्र देऊ नका.

प्रश्न : रूट कॅनालला तीन-तीन, चार-चार वेळा का बोलावतात? एकदाच बसवून का होत नाही? आणि एवढं केल्यावर वर कॅपचा खर्च कशासाठी? शिवाय मला इंजेक्शन देऊनही खूप दुखलं.
— नोकरदार, सिडको

उत्तर : शंका रास्त आहे. आत नेमकं काय करतात ते सांगितलं की बाकीची उत्तरं आपोआप मिळतील.

आधी बधिर करण्याचं इंजेक्शन, बहुतेकदा २ टक्के लिग्नोकेनचं, त्यात किंचित ॲड्रिनॅलिन. पू झालेल्या जागेचा आम्लपणा वाढलेला असतो आणि त्यात हे औषध मज्जातंतूत नीट शिरत नाही. सुजलेले मज्जातंतू एरवीपेक्षा जास्त संवेदनशील झालेले असतात. तुम्हाला दुखलं त्याचं कारण हेच असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी थोडं थांबून दुसऱ्या जागी इंजेक्शन देतात, दाताच्या मुळालगत देतात, किंवा दात उघडल्यावर थेट गरात देतात. दुखलं की हात वर करा आणि थांबवा. सहन करत बसण्याची गरज नाही.

मग दातावर रबराचा पातळ पडदा बसवतात, त्यातून फक्त तो दात बाहेर डोकावतो. याला रबर डॅम म्हणतात. लाळेतले जंतू आत जाऊ नयेत, धुण्याचं औषध घशात जाऊ नये आणि बारीक सुई निसटून पोटात किंवा श्वासनलिकेत जाऊ नये, अशी तिन्ही कामं तो करतो. तो लावणार का, हे आधीच विचारायला संकोचू नका.

कीड संपूर्ण काढून दाताच्या माथ्यावर छिद्र पाडतात आणि नळ्यांची तोंडं शोधतात. खालच्या पहिल्या दाढेत सहसा तीन नळ्या, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत तीन मुळं असली तरी निम्म्याहून जास्त लोकांत पुढच्या गालाकडच्या मुळात आणखी एक लपलेली नळी असते. ती राहून गेली की काम दिसायला उत्तम आणि दुखणं मात्र कायम, असा प्रकार होतो. नळीची लांबी ॲपेक्स लोकेटर नावाच्या यंत्राने आणि एक्स-रेने मोजतात. दाढेत ती माथ्यापासून साधारण २० ते २२ मिलिमीटर भरते. मिलिमीटरभराची चूकही महागात पडते. आखूड राहिलं तर टोकाशी जंतू उरतात, जास्त झालं तर सुई हाडात टोचते.

वाकणाऱ्या बारीक सुयांनी, म्हणजे फाइलींनी, नळी रुंद करत नेतात. पण सुई नळीच्या प्रत्येक कोपऱ्याला पोचत नाही. खरी सफाई धुण्याने होते. सोडियम हायपोक्लोराइट, साधारण ३ ते ५ टक्क्यांचं, पुन्हापुन्हा आत सोडतात. ते जंतू मारतं आणि मेलेला गर विरघळवतं. शेवटी १७ टक्के ईडीटीएने भिंतीवरचा चिकटा काढतात. हायपोक्लोराइट जोर लावून ढकललं आणि मुळाबाहेर गेलं, तर तत्क्षणी भयंकर कळ येऊन गाल सुजतो. म्हणून ते हळूहळू, बाजूला छिद्र असलेल्या सुईने देतात.

आता खेपांबद्दल. नस जिवंत असेल, पू नसेल, तर एका सिटिंगमध्ये काम पुरं करता येतं आणि बरेच जण करतात. पू वाहत असेल, नळी कोरडीच होत नसेल, तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप भरून आठवडा-दोन आठवडे थांबणं शहाणपणाचं. तो लेप उरलेल्या जंतूंना मारतो. पुढच्या खेपेला नळी कोरडी, वास नाही, टिचकी मारून दुखत नाही, असं दिसलं की गट्टापर्चा हा रबरासारखा पदार्थ सिलरबरोबर घट्ट भरतात. खेपा किती हा मुद्दा गौण आहे. भरताना नळी स्वच्छ आणि कोरडी होती की नाही, ते पाहायचं. भरल्यानंतरचा एक्स-रे मागून घ्या. त्यात पांढरी रेघ प्रत्येक मुळात टोकाच्या अलीकडे अर्धा ते दोन मिलिमीटरपर्यंत, मध्ये पोकळी न राहता दिसली पाहिजे.

प्रत्येक खेपेनंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं स्वाभाविक आहे. ते दिवसागणिक वाढत गेलं किंवा सूज आली तर लगेच फोन करा.

कॅपबद्दल काटकसर करू नका, निदान दाढांच्या बाबतीत. कीड आणि केलेलं छिद्र यामुळे दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. सुपारी, चिक्की, उसाचं कांडं यांनी ती उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढण्यावाचून इलाज राहत नाही. महिन्याभरात कॅप बसवून घ्या. समोरचा दात फारसा पोखरलेला नसेल तर नुसतं सिमेंटही पुरतं.

अलीकडे आणखी एक पर्याय आला आहे. नस दुखावली आहे पण पूर्ण मेलेली नाही, अशा दाढेत वरचा सुजलेला गर तेवढा काढून त्यावर एमटीएसारखं सिमेंट ठेवतात आणि मुळातली नस जिवंत राखतात. रक्तस्राव काही मिनिटांत थांबला तरच हे करता येतं. सगळ्यांना लागू नाही, पण विचारून पाहायला हरकत नाही.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल केलेल्या दाढेच्या हिरडीवर पुळी येते, फुटते, परत येते. दुखत मुळीच नाही. दुर्लक्ष केलं तर?
— निवृत्त शिक्षक, सिन्नर

उत्तर : ती पुळी म्हणजे हाडातल्या पुवाने स्वतःसाठी काढलेली वाट आहे. निचरा होतो, दाब साठत नाही, म्हणून दुखत नाही. संसर्ग मात्र चालूच आहे आणि हाड झिजतं आहे. पुळीच्या तोंडातून गट्टापर्चाची बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढला की काडीचं टोक गुन्हेगार मुळापाशी जाऊन थांबलेलं दिसतं. पुळी एका दाढेसमोर आणि दोष शेजारच्या दाढेचा, असंही निघतं.

कारणं ठरलेली आहेत: राहून गेलेली नळी, अर्धवट भरलेली नळी, गळकी कॅप किंवा मुळाला गेलेली उभी चीर. पहिल्या तीन कारणांत जुनं भरण काढून पुन्हा रूट कॅनाल करता येतं. ते जमत नसेल तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापण्याची छोटी शस्त्रक्रिया होते. चीर असेल तर दाढ काढा. कुठलं कारण आहे ते साध्या एक्स-रेवर कळलं नाही तर सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, लागतो.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. शेवटची दाढ काळी पडून गाल सुजला. दुधाचीच दाढ, पडणारच आहे, मग उपचार कशाला?
— पालक, इंदिरानगर

उत्तर : आधी ती दाढ दुधाची आहे का ते बघा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. मधल्या रेषेपासून मागे मोजत जा. सहाव्या क्रमांकाचा दात असेल तर तो कायमचा. तिला तो जन्मभर वापरायचा आहे.

सातव्या वर्षी त्या दाढेची मुळं पूर्ण वाढलेलीही नसतात, टोकं उघडी असतात. ती मिटायला वयाचं नववं-दहावं वर्ष उजाडतं. म्हणून शक्य तितकी नस जिवंत ठेवण्याचा प्रयत्न करतात, म्हणजे मूळ वाढत राहतं. हे काम लहान मुलांच्या दंतवैद्यांकडे करून घेतलेलं बरं.

दाढ दुधाची निघाली तरी ती दहा-बारा वर्षांपर्यंत जागा धरून असते. तिच्या मुळाखालीच कायमच्या दाताची कळी घडत असते. वर पू साठून राहिला तर खालचा दात डागाळलेला, खडबडीत येऊ शकतो. दाढ लवकर काढावी लागली तर जागा राखणारी तार बसवून घ्या, नाहीतर मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताला वाट उरत नाही.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलीला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेलं सिरप सहा मिलिलिटर, दोन मात्रांमध्ये सहा तास ठेवून. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. निमेसुलाइडला बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून भारतात बंदी आहे, घरात मोठ्यांची गोळी असेल तर तिचा तुकडाही नको. गाल सुजलेला आहे, तेव्हा हे उत्तर छापून येईपर्यंत तुम्ही तिला नेलं असेल अशी आशा आहे.

प्रश्न : वरच्या डाव्या बाजूच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात. कीड कुठेच नाही.
— वाचक, गंगापूर रोड

उत्तर : खाली वाकल्यावर, जिना उतरताना किंवा टाचा आपटल्यावर दुखणं वाढतं का? नाक चोंदलेलं आहे का? तसं असेल तर सायनसची शक्यता जास्त. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, तळाला लागून असतात. याच्या उलटही घडतं: एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड सतत येत असेल तर त्याचं कारण दाढेत असू शकतं.

सर्दी नसेल आणि घास चावून दात सोडताना सणक जात असेल, तर बारीक तडा गेला आहे का ते तपासा. आणि एक सावधगिरी. खालच्या डाव्या जबड्यात चढ चढताना दुखून, थांबल्यावर शमत असेल, तर दंतवैद्याकडे न जाता हृदयाची तपासणी करा.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे. दाढेला पू झाला आहे. साखर उतरल्याशिवाय हात लावणार नाही असं एका ठिकाणी सांगितलं.
— वाचक, ओझर

उत्तर : पू असेपर्यंत साखर उतरणं कठीण असतं, कारण संसर्गच ती वाढवतो. निचरा थांबवून ठेवायचं कारण नाही. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि नेहमीची औषधं घेऊनच जा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. साध्या दाढ काढण्यासाठी ती बहुधा चालूच ठेवतात, रूट कॅनालमध्ये तर रक्त आणखी कमी जातं. वॉरफॅरिन असेल तर रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा ताजा आयएनआर रिपोर्ट सोबत न्या. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडसारखं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा. अशांच्या जबड्याचं हाड दात काढल्यावर भरून यायला त्रास होतो आणि रूट कॅनाल बरं पडतं.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. एक्स-रे, इंजेक्शन चालेल का?
— वाचक, देवळाली

उत्तर : चालेल. चौथा ते सहावा महिना दातांच्या कामासाठी सोयीचाच. दाताचा एक्स-रे शिशाचा ॲप्रन घालून काढतात. लिग्नोकेन, पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन चालतं. डॉक्सिसायक्लिन नको. खुर्चीत डाव्या कुशीला किंचित कलून बसा. पू तसाच ठेवणं यापेक्षा वाईट.

प्रश्न : आमच्या गावापासून नाशिक लांब. सूज आली तर रात्रीच निघायचं की सकाळपर्यंत थांबायचं, हे कसं ओळखायचं?
— आशा कार्यकर्ती, सुरगाणा तालुका

उत्तर : तुमचं पत्र आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. गालावर मर्यादित सूज आहे, तोंड उघडतं, पाणी गिळता येतं, ताप नाही, अशा माणसाने सकाळी पहिल्या गाडीने निघालं तरी चालतं.

खालच्या मागच्या दाढांचा पू मात्र जिभेखाली आणि हनुवटीखाली उतरू शकतो, कारण त्यांच्या मुळांची टोकं जिभेखालच्या स्नायूच्या पातळीखाली असतात. तिथली सूज दोन्ही बाजूंना पसरली की जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होते. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. काही तासांत माणूस दगावू शकतो.

रुग्णाला स्वतःची बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये घालायला सांगा. निरोगी माणसाची तीन बोटं जातात. दोनही जात नसतील तर पू खोल गेला आहे. हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक लागणं, लाळ गिळता न येता गळत राहणं, तोंडात गरम घास असल्यासारखा आवाज, आडवं झाल्यावर जीव घाबरणं, थंडी वाजून ताप, डोळा मिटण्याइतकी सूज: यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. माणसाला बसवूनच न्या, आडवं करू नका.

असा रुग्ण खासगी दातांच्या दवाखान्यात नेऊन वेळ घालवू नका. जिथे भूल देणारे डॉक्टर आणि अतिदक्षता विभाग आहे तिथेच, म्हणजे नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा तशी सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्या. जीवघेणं काही नसेल, नुसता ठणका आणि किडलेली दाढ असेल, तर दिवसा पंचवटीतल्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत दाखवता येईल. शिकवणीची जागा असल्याने वेळ लागतो, तयारीने जा.

प्रश्न : वरचा दात काढला की डोळे अधू होतात म्हणतात. खरं का?
— वाचक, मालेगाव

उत्तर : नाही. दाताला संवेदना देणारा मज्जातंतू वेगळा आणि नजरेचा वेगळा. दात काढल्याने नजरेला काही होत नाही. डोळ्याला धोका असतो तो वरच्या सुळ्याचा किंवा पुढच्या दातांचा पू तसाच ठेवल्याने. चेहऱ्याच्या या भागातल्या शिरा डोळ्यामागून मेंदूलगतच्या शिरांना जोडलेल्या असतात आणि त्यांतून संसर्ग क्वचित मागे जाऊ शकतो. वरचा ओठ आणि नाकाची बाजू सुजली, पापणी फुगली किंवा एकाची दोन दिसू लागली, तर दात काढायचा की ठेवायचा हे नंतर ठरवता येईल, आधी रुग्णालयात पोचा.